बुधवारच्या घरसभेत माझी पाळी आली की मी तेच ते बोलते. ही प्रार्थना म्हणायची का?

सोनचाफा | सोमवार, रात्री १०:४०

जय ख्रिस्त सगळ्यांना. इतके दिवस वाचनमात्र होते, आज धागा काढतेय.

आमच्याकडे दर बुधवारी घरसभा असते. दोन गीतं, पाळकसाहेबांचं वचन, मग साखळी प्रार्थना. सतरंजीवर गोल बसलेल्या प्रत्येकाने एकेक करून मोठ्याने प्रार्थना करायची, एकाचं ‘आमेन’ झालं की शेजारच्याने सुरू करायचं. माझी पाळी आली की तोंडातून आपोआप निघतं, ‘हे परमदयाळू, परमकृपाळू स्वर्गीय पित्या, आजचा हा सुंदर दिवस दाखवलास म्हणून तुझे उपकार मानतो...’ आजीचं हेच, आईचं हेच, माझंही हेच. मुद्दाम पाठ कोणी केलं नाही, कानावर पडून पडून बसलंय.

अडचण अशी की सध्या दिवस सुंदर नाहीत. आईचं डायलिसिस चालू आहे. गावाकडच्या घराच्या वाटणीवरून भाऊ बोलत नाही. आणि मी त्या सतरंजीवर बसून ‘आमच्या सर्व कुटुंबांत प्रीती नांदू दे’ म्हणते, सगळे आमेन म्हणतात, चहा-बटर होतं, मी घरी येते. घरी एकटी बसले की शब्द फुटत नाही. डोळे मिटले की एक तर भावाचं बोलणं आठवतं, नाही तर आईच्या किडनीच्या तपासणीतला क्रिॲटिनिनचा आकडा.

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने व्यर्थ बडबड करू नका म्हटलंय. मग मी बुधवारी करते ती बडबडच ना? आतून काहीच वाटत नसताना प्रार्थनेला बसणं म्हणजे ढोंग नाही का? ज्यांना यातलं काही माहीत आहे त्यांनी लिहा. ‘भरवसा ठेव ताई’ एवढंच लिहायचं असेल तर कृपा करून नको, ते रोज ऐकते.

---

रानवारा | रात्री ११:०२

वाचतेय. माझाही प्रश्न हाच, फक्त आमच्याकडे शुक्रवार.

---

वांबोरीकर | मंगळवार, सकाळी ६:१५

सोनचाफा, बाळा, आधी बडबडीचं बघू. मी निवृत्त शिक्षक, वडील पाळक होते. साखळी प्रार्थना लहानपणापासून इतक्या ऐकल्यात की त्यावर परीक्षा द्यायला बसवलं तर पहिल्या वर्गात येईन.

प्रभूने सातव्या वचनात बडबड नको म्हटलं आणि नवव्या वचनापासून जी प्रार्थना शिकवली ती आपण सगळे पाठच म्हणतो. म्हणजे पाठ असणं हा गुन्हा नाही. गेथशेमाने बागेत तो तिसऱ्यांदा शिष्यांपासून बाजूला गेला तेव्हा ‘पुन्हा तेच शब्द’ बोलला, असं मत्तयाने मुद्दाम नोंदवलंय. इतक्या घालमेलीत त्याला नवं वाक्य सुचलं नाही आणि सुचावं अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. वधस्तंभावर ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ म्हणाला ते बाविसाव्या स्तोत्राचं पहिलं वाक्य. लूक शेवटचा उद्गार देतो तो एकतिसाव्या स्तोत्रातला. मरताना देवाच्या पुत्राला जुनेच शब्द पुरले, तर तुझ्या आजीच्या वाक्याने एवढं काय पाप केलं?

बडबड कशाला म्हटलंय तेही तिथेच आहे. पुष्कळ बोललं की देव ऐकतो असं ज्यांना वाटतं त्यांच्यासारखं करू नका. तुम्ही मागायच्या आधीच पित्याला ठाऊक आहे. थोडक्यात, शब्दांच्या जोरावर देवाला वळवायला जाऊ नका.

पण तुझ्या प्रश्नात दुसरीही एक गोष्ट आहे, ती मला जास्त गंभीर वाटते. लूक १८ मधला परूशी, म्हणजे नियमधर्म काटेकोर पाळणारा यहूदी, बघ. त्याची प्रार्थना कोणाची पाठ नव्हती, स्वतःची होती, आणि बहुधा त्यातलं वाक्यन् वाक्य खरं होतं. आठवड्यातून दोनदा उपास करत असेल, दशांशही देत असेल. तरी ती वर पोचली नाही, कारण तो देवाशी बोलता बोलता शेजारच्या जकातदाराकडे बघत होता. आपल्याकडच्या घरसभांत याचे घरगुती प्रकार भरपूर. ‘हे प्रभू, तुला ठाऊकच आहे की नाताळची वर्गणी अजून काही कुटुंबांकडून आलेली नाही...’ प्रभूला ठाऊक असेल, पण ते वाक्य प्रभूसाठी नव्हतं. आमच्या तरुण संघात एकाने प्रार्थनेतच सहलीची तारीख आणि बसची वेळ जाहीर केली होती.

तर बाळा, वाक्य जुनं की नवं हे नंतर बघू. ते कोणाकडे तोंड करून म्हणतेस?

---

खाडीपार | सकाळी ९:३०

मी वसईचा, कॅथलिक. गुरुजींशी सहमत, पण आमच्या बाजूने थोडं लिहितो. आमच्यावर हा ‘पाठांतराचा’ आरोप पिढ्यान्‌पिढ्या होत आलाय.

आमच्या घरी संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळ, असायची. पाच दशकं, म्हणजे पन्नास वेळा मरियेची तीच प्रार्थना. आम्ही मुलं दुसऱ्या दशकाला पेंगायला लागायचो. आजी मात्र मणी सरकवत राहायची. मध्येच तिला वास यायचा, मग ती ‘गॅस बंद कर गं, डाळ लागली’ म्हणायची आणि पुढच्याच श्वासात जिथे सोडलं होतं तिथून धरायची. लहानपणी हसू यायचं. आता वाटतं तिच्यासाठी देव आणि डाळ एकाच घरात होते. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक स्वयंपाकी होता, तो हेच म्हणायचा, की भांड्यांच्या खणखणाटातही मी चॅपेलमध्ये गुडघे टेकल्यासारखाच देवापाशी असतो.

ठरलेल्या शब्दांचा एक फायदा असा की ज्या दिवशी तुम्ही रिकामे असता त्या दिवशीही ते तुम्हाला धरून ठेवतात. ‘काहीच वाटत नाही’ याबद्दल म्हणाल तर मदर तेरेसांची पत्रं २००७ साली छापून आली तेव्हा जग चकित झालं. इतकी वर्षं आतून कोरडेपणा, देव जवळ नसल्याची जाणीव, आणि रोज पहाटे चॅपेलमध्ये हजर. लोकांनी लगेच ढोंग ढोंग म्हणून ओरड केली. मला नाही तसं वाटत. काही वाटत असताना कोणीही बसेल.

---

नवी_द्राक्षवेल | सकाळी ११:१०

प्रभूची स्तुती असो. माफ करा, पण वरचे दोन्ही प्रतिसाद वाचून वाईट वाटलं. छापील आणि ठरलेल्या प्रार्थनांनीच आपल्या जुन्या मंडळ्या थंड पडल्या. प्रार्थना पवित्र आत्म्याने करायची असते. १९०५ साली केडगावला मुक्ती मिशनमध्ये काय झालं ते वाचा. पंडिता रमाबाईंनी मुलींना प्रार्थनेला बसवलं आणि आत्मा उतरला. कोणी पुस्तक उघडून प्रार्थना वाचत बसलं नव्हतं! मुली रडत होत्या, पापं कबूल करत होत्या, शेकडो जणी एकाच वेळी मोठ्याने.

ताई, तुमच्या आईसाठी विश्वासाने मागा. याकोबाने लिहिलंय, विश्वासाची प्रार्थना दुखणेकऱ्याला वाचवील. उत्तर येत नसेल तर कुठेतरी विश्वास कमी पडतोय, ते तपासा. आमच्या मंडळीत बरं झालेल्यांच्या साक्षी आहेत.

---

पाटस_रोड | दुपारी २:४५

द्राक्षवेल, मी केडगावच्या जवळचीच, शिवाय डायलिसिस युनिटमध्ये नर्स आहे, तेव्हा दोन्हीवर बोलते.

मुक्तीचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, पण अर्धं. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी वेल्समधल्या धार्मिक जागृतीची हकिगत सांगून रोज प्रार्थनेला कोण बसेल विचारलं, तेव्हा सत्तरेक जणी पुढे आल्या. जूनपर्यंत तो आकडा साडेपाचशेवर गेला, दिवसातून दोनदा जमायच्या. म्हणजे जे जूनच्या अखेरीला झालं त्याच्या आधी कित्येक महिने काहीच न दिसता बसणं होतं. ते कोणी सांगत नाही. सगळ्यांनी एकदम मोठ्याने प्रार्थना करणं बाहेरच्या काही मिशनरींना गोंगाट वाटला. रमाबाईंनी ते बंद पाडलं नाही, आपल्या बायकांना आपल्या रीतीने देवाशी बोलू दिलं. इथपर्यंत मी तुमच्या बाजूने.

पण त्याच रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून, शब्द शब्द ताडून, खेड्यातल्या बाईला कळेल असं अख्खं बायबल मराठीत आणत होत्या. हे काम शेवटपर्यंत चाललं. मनोरमा, एकुलती एक मुलगी, १९२१ साली आईच्या आधी गेली. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. बायबल छापून आलं १९२४ ला. आता सांगा, रमाबाईंचा विश्वास कमी पडला का?

‘विश्वास कमी पडतोय’ हे वाक्य मी वॉर्डात ऐकलंय. प्रार्थना करायला आलेले लोक खुर्चीतल्या पेशंटला हे सांगून, डोक्यावर हात ठेवून निघून जातात. नंतर तो माणूस मला विचारतो, ‘सिस्टर, मी काय चुकलो?’ हातात दोन सुया, चार तास हलता येत नाही, आणि वर हा हिशेब. पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा राहिला. प्रभूने दुःखाचा प्याला टळू दे म्हटलं, टळला नाही. यांना कोणी सांगेल का, विश्वास तपासा म्हणून?

सोनचाफा, आईचा फिस्टुला (डायलिसिससाठी हातात केलेली नसांची जोडणी) नीट चालतोय ना? पाणी मोजून देताय ना? हेही प्रार्थनेतच धर.

---

रानवारा | दुपारी ३:०५

पाटस_रोड, +१. बाकी काही लिहवत नाही.

---

भीमातीर | संध्याकाळी ७:२०

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला. धागा आवडला म्हणून आगाऊपणा करतो. तुमच्यात देवाशी भांडायची सोय आहे की नाही? आमचे तुकोबा विठ्ठलाला सोडत नाहीत. जनाबाई तर त्याला शिव्या घालते, आणि त्या शिव्या आम्ही टाळ-मृदंगावर गातो. ताईंनी लिहिलंय की मनात राग असतो आणि तोंडी उपकारस्तुती. मग राग का नाही म्हणायचा? का तुमच्या देवाला चालत नाही?

---

वांबोरीकर | रात्री ८:५०

भीमातीर, आगाऊपणा कसला, नेमकं बोट ठेवलंत. आणि तुम्ही परके नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणायचे की मी तुकोबाच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो. १८९५ ला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि नंतर त्यांनी मंडळीच्या हाती अभंगाच्या चालीतली भजनं दिली. आमच्या ‘उपासना संगीता’त त्यांची गीतं इतकी आहेत की ती वगळली तर पुस्तक निम्मं उरणार नाही असं गमतीने म्हणतात. घरसभेत आम्ही पेटी-तबल्यावर जे म्हणतो त्यात तुमच्या वाळवंटाची माती आहेच.

सोय आहे का विचारता? स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं, त्यातली साधारण तिसरा हिस्सा गाऱ्हाणी. ‘किती काळ, प्रभू?’, ‘उठ, का झोपलास?’, ‘तोंड का लपवतोस?’ अठ्ठ्याऐंशीवं तर कुठेच उजाडत नाही, काळोखावर संपतं, आणि ते तसंच पवित्र शास्त्रात ठेवलंय, कोणी खाली गोड वचन जोडलं नाही. ईयोब अध्यायच्या अध्याय देवावर आणि मित्रांवर करवादतो. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर, जे देवाची बाजू घेऊन शहाणपण सांगत होते. द्राक्षवेल, हे आपल्या सगळ्यांसाठी, एकट्या तुमच्यासाठी नाही.

सोय आहे, पण आम्ही ती वापरत नाही. आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजकी. चारचौघांत देवाची तक्रार केली तर ‘बघा, बाटले आणि काय मिळालं?’ असं कोणी म्हणेल ही धास्ती जुन्या लोकांना होती. त्यामुळे आमची प्रार्थना कायम इस्त्रीची. हे माझं मत आहे, इतिहासाच्या पुस्तकात शोधायला जाऊ नका.

---

शेरा_मारू_नये | रात्री ९:४०

नास्तिक आहे, भांडायला आलो नाही. पण हे सगळं म्हणजे माणूस स्वतःशीच बोलतोय असं नाही का वाटत? स्वतःशी प्रामाणिक राहायला देव मध्ये कशाला?

---

खाडीपार | रात्री १०:१५

वाटतं ना, कित्येकदा. पण स्वतःशी बोलताना मी नेहमी जिंकतो. माझ्या बाजूचे सगळे पुरावे माझ्याकडे तयार असतात. प्रार्थनेला बसलो की ती वकिली फार वेळ टिकत नाही, निदान माझी तरी. हा पुरावा म्हणून देत नाही, तुम्ही विचारलंत म्हणून.

---

सोनचाफा | बुधवार, सकाळी ७:३०

सगळ्यांचे आभार. पाटस_रोड, फिस्टुला ठीक आहे, पाण्यावरून मात्र रोज वाद.

गुरुजी, ‘कोणाकडे तोंड करून’ हे रात्रभर डोक्यात होतं. खरं सांगायचं तर सतरंजीवर मी समोरच्या मावशींकडे तोंड करून म्हणते. त्यांना आमच्या घरचं माहीत आहे. ‘कुटुंबांत प्रीती नांदू दे’ हे त्यांना ऐकवायला, की बघा, मी तर चांगलंच मागतेय, भाऊच वाकडा.

पण मग काय मागू? त्याच्याशी समेट व्हावा असं मला वाटतच नाही. त्याने माझ्या नवऱ्यासमोर जे शब्द काढले ते मी विसरणार नाही. खरं बोलायचं म्हटलं तर ‘देवा, त्याचं तोंड बघायची इच्छा नाही’ हेच खरं आहे. ही काय प्रार्थना झाली?

---

पाटस_रोड | सकाळी ८:१०

झाली की! या धाग्यातलं पहिलं वाक्य जे तू देवाला उद्देशून लिहिलंस ते हेच. ‘देवा, त्याचं तोंड बघायची इच्छा नाही.’ इथून सुरू कर. लगेच ‘पण मला क्षमा करायला शिकव’ जोडायची घाई करू नकोस, ते आलं तर येईल.

मात्र इथेच थांबता येईल असंही समजू नकोस. मत्तय ५ मध्ये प्रभू म्हणतो, वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जा. ‘त्याच्या मनात’ म्हटलंय. बरोबर कोण, चूक कोण हे विचारलेलंच नाही. मला हे वचन अजिबात आवडत नाही. वाटणीच्या भांडणात मी स्वतः एका चुलत बहिणीशी बोलत नाही, म्हणून सांगतेय.

---

सोनचाफा | सकाळी ८:२५

मी का फोन करू? दर वेळी मीच का?

---

पाटस_रोड | सकाळी ८:३१

हेही त्यालाच विचार. मला उत्तर माहीत असतं तर माझ्या बहिणीला फोन लावला असता.

---

वांबोरीकर | सकाळी ९:००

सोनचाफा, आणि शब्द फुटतच नसतील तर गप्प बस. हन्ना शिलोच्या मंदिरात नुसते ओठ हलवत होती. आवाज नाही म्हणून एली याजकाला वाटलं बाई प्यालेली आहे. ज्याचं कामच प्रार्थना ओळखायचं, त्याला ओळखता आली नाही. पौल रोमकरांना लिहितो की काय मागावं हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा शब्दांवाचून कण्हत आपल्यासाठी मध्यस्थी करतो. साखळीत तुझी पाळी आली आणि काही नसलं, तर शेजारणीच्या हातावर हात ठेव. ती समजते आणि पुढे सुरू करते. आमच्याकडे कित्येकजण असं करतात, कोणी काही म्हणत नाही.

---

नवी_द्राक्षवेल | दुपारी १२:२०

पाटस_रोड ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पेशंटला दोष द्यायचा नाही हे मान्य. पण बरं होण्यासाठी मागायचंच नाही का मग? माझा स्वतःचा भाऊ प्रार्थनेने उठून बसलाय, डॉक्टरांनी हात टेकले होते. ते मी कसं नाकारू?

---

पाटस_रोड | दुपारी ३:५०

नाकारू नका, आणि मागणंही सोडू नका. लूकातल्या त्या विधवेसारखं न्यायाधीशाचं दार ठोठावत राहा, तिने लाज सोडून मागितलं म्हणून तर ती गोष्ट प्रभूने सांगितली. तुमच्या भावासाठी मीही आभार मानते. फक्त त्याची पट्टी दुसऱ्याच्या आजाराला लावू नका.

आणि वॉर्डात प्रार्थनेला जरूर या, लोक वाट बघत असतात. पण आल्या आल्या सुरू करू नका. यरीहोच्या वाटेवर बार्तीमय आंधळा आहे हे सगळ्या गर्दीला दिसत होतं, तरी प्रभूने त्याला विचारलं, ‘मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे?’ तुम्हीही विचारा, काय मागू? आमच्याकडच्या एका आजोबांनी सांगितलं होतं, किडनीचं राहू द्या, नातीच्या बारावीसाठी मागा. एकाला फक्त झोप हवी होती. ते सांगतील तेवढंच मागा, थोडक्यात, आवाज बेताचा, कारण शेजारच्या खुर्चीतला माणूस कदाचित वेगळ्या धर्माचा असतो आणि दमलेला तर असतोच.

पहिल्या तासात येऊ नका, तेव्हा मशीन लावायची गडबड असते. शेवटी बीपी उतरतं, तेव्हाही नको. मधल्या दोन तासांत या. चपला बाहेर काढा, हात धुवा, आणि प्रार्थनेत लावायच्या तेलाची बाटली आणत असाल तर आधी सिस्टरला विचारा.